शनिवारची खरवड

आमचे हे, म्हणजे हौसराव, कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात बत्तीस वर्षं स्वच्छता तपासत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कासुर्डीच्या मळ्यात इटालियन मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवल्या आणि माश्यांनाही कारखान्याचे नियम लावले. दर शनिवारी पेटी उघडायची, फटींत आणि भिंतींवर माश्यांनी लावलेली तपकिरी चिकट राळ पटाशीनं खरवडायची आणि पेटीला टांगलेल्या कार्डावर सही करायची. माश्या बिचाऱ्या आठवडाभर झाडाझाडांवरून राळ आणून पुन्हा लिंपायच्या. "शिस्त म्हणून न्हाई यास्नी," हे चिडायचे.

तिसरी पेटी माझ्याकडं होती. माशी चावेल म्हणून मी ती कधी उघडलीच नाही. दर शनिवारी लांबून नमस्कार करायचा, हात लांब करून कार्ड काढायचं आणि सही ठोकायची. असल्या सह्या करणाऱ्यांना ह्यांनी नोकरीभर शिव्या घातल्या होत्या.

दिवाळीनंतर ह्यांच्या दोन्ही पेट्यांतल्या अळ्या मरायला लागल्या. खडूच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या, कडक अळ्या माश्या दारातून बाहेर टाकत. एक पेटी निम्मी ओस पडली. ह्यांना जेवण जाईना. नोकरी सुटल्यापासून ह्यांचा जीव त्या माश्यांतच गुंतलेला. त्या मेल्या तर हा माणूस अंथरूण धरणार, हे मला दिसत होतं.

शेवटी यवतच्या करुणाला बोलावलं. ती मधमाश्या पाळायला शिकवते. ह्यांच्या चकचकीत पेट्यांच्या भिंतींवरून तिनं बोट फिरवलं. मग तिनं माझी पेटी उघडली. भिंती राळेनं लिंपलेल्या, अळ्या टपोऱ्या आणि तळाला एक मेलेली पाल, अख्खी राळेत मढवलेली. वास नावाला नाही.

"बघा आप्पा," करुणा म्हणाली, "पाल बाहेर ओढवंना, म्हणून माश्यांनी ती लिंपून टाकली. ही राळ घाण न्हाई, औषध हाय त्यांचं. भिंतीला ती असली की रोगाचे जंतू दबून राहत्यात. तुम्ही दर शनवारी औषधच खरवडून फेकलं."

ह्यांनी माझ्या पेटीचं कार्ड हातात घेतलं. "पण हिनं बी अकरा शनवार खरवडलंय की!"

"खोट्या सह्या हायत," मी सांगून टाकलं. "एकदाबी उघडली न्हाई."

आता ह्यांचा पारा चढणार, असं मला वाटलं. पण ह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बाकीच्या जगतील का गं पोरी?"

"खराब पोळ्यांच्या चौकटी काढू. भिंती तारेच्या ब्रशनं खरबरीत करू, म्हंजी राळ नीट बसंल. जगतील."

"आन् मी काय करू?"

"तुम्ही काय बी करू नका, आप्पा."

एवढं अवघड काम ह्या माणसाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.