माझ्या अंगावरचे लाल टाके

मित्रांनो, माझा एक कोपरा उंदराने नेला आहे आणि पोटावर लाल दोऱ्याचे दोन टाके आहेत. तरी मी स्वतःला भाग्यवान समजतो. मी समुद्राचा एक जुना नकाशा आहे.

माझा जन्म पॅरिसचा. फ्रान्सच्या आरमाराचे मोजणीदार ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर कित्येक उन्हाळे फिरले. ते दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्यात सोडत. दोरीवरून खोली समजे, वजनाच्या बुडाला लावलेल्या चरबीला चिकटून तळाची वाळू वर येई. ते सारे तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरले आणि मी सुलटा छापला गेलो.

मला गुल्वेनने घेतले. तो शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरणारा नावाडी. त्याला आकडे कळत, अक्षरे नाहीत. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “साहेबांनी सगळं टिपलं, माझं मांजर तेवढं राहिलं!”

मांजर म्हणजे पाण्याखालचा एक खडक. भरतीला निपचित, ओहोटीला गुरगुरणारा. मोजणीचे वजन त्याच्या दोन्ही बाजूंना पडले होते, माथ्यावर पडलेच नाही. गुल्वेनने तिथे पेन्सिलीने फुली मारली, खिळा ठोकावा तशी दाबून. मला रागच आला. एवढ्या विद्वानांनी घडवलेल्या अंगावर रेघोट्या!

त्या फुलीने आम्हाला तीस वर्षे सांभाळले. मग गुल्वेनचे गुडघे गेले, नजरही मंदावली. होडी जावयाकडे, तांगीकडे जायची ठरली. तांगी नदीवरचा नावाडी, या खडकांना नवखा. त्याला स्वच्छ नकाशा मिळावा म्हणून गुल्वेनच्या बायकोने, स्वाझिगने, पावाच्या मऊ गराने मला घासले. आमच्याकडे कागद असाच पुसतात. फुली गेली. मला कळले, पण कागद ओरडणार कसा?

सकाळी तांगीने माझ्यावर बोट ठेवले. “मामा, इथून सरळ काढतो. अर्धा तास वाचेल.”

“इथून? डोळे आहेत की बटणं? फुली दिसत नाही?”

“कसली फुली?”

“तो डाग होय? मी पुसला,” स्वाझिग म्हणाली. “तीस वर्षांचा मळ काढला, कौतुक राहिलं बाजूला!”

गुल्वेन माझ्यावरून बोट फिरवत राहिला आणि एका जागी थांबला. पेन्सिल गेली होती, खाच उरली होती.

“आहे. मांजर इथंच आहे.” त्याने तांगीचे बोट धरून त्या खाचेवर ठेवले.

स्वाझिग आत गेली, भरतकामाची सुई घेऊन आली आणि लाल दोऱ्याने ती फुली माझ्या अंगात शिवली. “आता पुसा म्हणावं कुणीही!”

त्या दिवशी तांगी लांबच्या वाटेने गेला आणि जेवायला घरी आला.

पुढे एक मोजणीदार बंदरात आला. माझे टाके पाहून तो हसला, मग गुल्वेनला होडीत घालून खडकावर गेला. तो परतल्यावर पॅरिसच्या त्या पत्र्यावर फुली कोरली गेली. माझी सारी धाकटी भावंडे ती घेऊनच जन्मली. त्यांतले एक होडीत गेले, मी मात्र भिंतीवर आलो.

मित्रांनो, जुन्या कागदावरची खूण पुसण्याआधी ती कुणाची, एवढे विचारा. आणि कधी या घरी आलात तर माझे टाके बोटाने चाचपून पाहा. तांगी रोज निघताना तेच करतो.