दोन होगे

कानडीत दोन होगे आहेत. एकाचा अर्थ धूर, दुसऱ्याचा अर्थ जा. पहिल्यातला ‘हो’ आखूड, दुसऱ्यातला लांब. आपल्या देवनागरीत दोन्ही सारखेच लिहायचे, आणि माझ्या पुणेरी कानाला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. एवढ्याशा फरकापायी यल्लव्वा गेली. चौकशी समितीनं ‘अपघात’ असं लिहिलं. समितीचं काय जातंय लिहायला.

१९६३ साल होतं. हेब्बाळच्या तळ्यापलीकडे माळावर आमच्या सरकारी प्रयोगशाळेची चाचणीची जागा होती. खाणीत उतरणाऱ्या डिझेल गाड्यांचा धूर कमी करायचं काम माझ्याकडे होतं. रस्त्यावरच्या ट्रकचा धूर वाऱ्यावर जातो, खाणीतला माणसाच्या छातीत जातो. म्हणून मी एक पाण्याची पेटी तयार केली होती. इंजिनाचा धूर पाण्यातून बुडबुडत बाहेर काढायचा. काजळी पाण्यात राहायची आणि वर यायची ती नुसती पांढरी वाफ. जो तो बघायला यायचा आणि पाठ थोपटून जायचा. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पाणी काजळी धुतं, पण विषारी वायू धूत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. हे मला पाठ होतं.

चाचणीसाठी सत्तर फुटांचा चर खणून वर पत्रे आणि माती टाकली होती. एक तोंड उघडं, दुसरं बंद, म्हणजे खाणीतल्या बोगद्यासारखंच. इंजिन बंद टोकाला ठेवलं होतं आणि बाहेरचा पंखा नळातून ताजी हवा आत ढकलायचा. पेटीतलं पाणी उकळून आटायचं, म्हणून दर पंधरा मिनिटांनी आत जाऊन घागरभर पाणी ओतावं लागे. ते काम यल्लव्वाचं. चाळिशीची, रोजंदारीवरची बाई. कपाळावर मोठं कुंकू, पदर कमरेला खोचलेला, आणि सांगाल त्याला एकच उत्तर, “सरी, सर.” बरं, सर.

मला कानडी बोलायची भारी हौस. आमची घरमालकीण आपल्या मुलीला ‘होगे’ म्हणून पिटाळायची, ते मी उचललं. यल्लव्वाला मी दर पंधरा मिनिटांनी ऐटीत सांगायचो, “होगे, नीरु हाकु.” जा, पाणी ओत. चाळिशीच्या बाईला असं एकेरी बोलू नये हेही मला ठाऊक नव्हतं. ती तोंड फिरवून हसायची आणि जायची.

मग धोक्याची सूचना द्यायला एक शब्द हवा म्हणून मी आमच्या ड्राफ्ट्समनला, धारवाडच्या गुरुराजला, विचारलं. त्यानं माझ्या वहीत लिहून दिलं, ‘धूर = होगे’.

“सर, हा होगे आखूड बरं का,” तो म्हणाला. “लांबवलात तर जा होतं.”

“अरे, मला दोन्ही एकच वाटतात.”

“मग दुसरा शब्द घ्या, सर.”

“असू दे रे, सवयीनं कळेल तिला.”

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं म्हणालो. त्याच दिवशी यल्लव्वाला उभं करून पढवलं, “होगे अंद्रे होरगे बा.” धूर म्हटलं की बाहेर ये. ती केवढी हसली! मला वाटलं, उच्चाराला हसतेय. तिच्या कानाला ते ‘जा म्हटलं की बाहेर ये’ असं ऐकू गेलं असणार. साहेबाचं काहीतरी चुकलंय म्हणून तिनं ते सोडून दिलं असणार.

त्या दिवशी सहा तासांची अखेरची चाचणी होती. इंजिनावर पूर्ण भार होता आणि इंधनही मी वाढवून दिलं होतं. पाचव्या तासाला पंख्याचा पट्टा तुटला. मी धावत पंख्यापाशी गेलो. तिकडून बघतो तर यल्लव्वा घागर घेऊन बोगद्याच्या तोंडाशी. मी ओरडलो, “होगे! होगे!”

तिनं वळून पाहिलं. आत वाफच वाफ होती, काळं काहीच नव्हतं. तिनं मान हलवली. “सरी, सर.”

कळलं, असं मला वाटलं. मी खाली बसून पट्टा जोडायला लागलो. इंजिन तेव्हाच बंद करायला हवं होतं. पण चाचणी मोडली असती, पुन्हा पहिल्यापासून सहा तास. माणूस किती हलकट असतो बघा, तेव्हा मनात एवढंच होतं.

पट्टा चढायला वीस मिनिटं लागली. पंखा सुरू झाला तेव्हा मी मान वर केली. यल्लव्वा बाहेर नव्हती.

मी तोंडाला ओला रुमाल बांधून आत गेलो. रुमालानं काय होणार होतं, हेही मला ठाऊक होतं. ती पेटीपाशी बसल्यासारखी पडली होती. पाणी ओतून झालं होतं. रिकामी घागर तिनं नीट उपडी करून ठेवली होती. चेहऱ्याला काजळीचा एक ठिपकासुद्धा नव्हता. माझी पेटी उत्तम चालली होती.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. मजुरांच्या पत्र्याच्या रांगेतलं शेवटचं घर. गुरुराजकडून चार वाक्यं कानडीत लिहून घेतली होती. तिचा नवरा बसवंत उंबऱ्यात बसला होता. मी कागद उघडून वाचायला लागलो. दुसऱ्याच वाक्याला त्यानं हात वर केला.

“साहेब, मराठीत बोला की. आम्ही निपाणीकडचं. घरात मराठीच हाय आमच्या.”

मी कागद मिटला. “यल्लव्वाला मराठी येत होतं?”

“येत होतं म्हंजे? माहेर कागलजवळचं तिचं. तुमचं समदं कळायचं तिला. तुम्ही यंत्राला शिव्या देतासा, त्या घरी येऊन सांगून हसायची.”

“मग माझ्याशी कानडीतच का बोलायची?”

“तुम्ही हौसेनं बोलतासा म्हनून. म्हनायची, साहेब मोठ्या कष्टानं शिकलाय, कशाला त्येचं मन मोडा?”

‘धूर’. एक शब्द. माझ्या आईनं मला शिकवलेला, तिच्या आईनं तिला शिकवलेला. तो माझ्या तोंडात होता आणि तिच्या कानाला कळला असता. मी तो ओरडलो नाही. मला रडू आवरेना. बसवंतानंच मला पाण्याचा तांब्या दिला.

मी पाणी प्यायलो. मग त्यानं हळूच विचारलं, “साहेब, ती आत जाताना तुम्ही तितंच होतासा म्हनं. शेवटचं काय बोललासा तिच्याशी?”

मला धूर म्हणायचं होतं, म्हणून तो होगे मी जमेल तेवढा आखूड करून उच्चारला. “होगे म्हणालो.”

बसवंतानं मान हलवली.

“जा म्हनलासा,” तो म्हणाला. “म्हनून गेली.”