दोनशे मीटर

घड्याळाच्या मागच्या झाकणावर मीटरचा आकडा कोरलेला असतो आणि लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तीस मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, फार तर पावसाची एखादी सर. पन्नासवर पोहता येतं. दोनशे असेल तरच पाठीला हवेची टाकी बांधून खाली जावं, आणि तेही झाकणाखालची रबरी रिंग धड असेल तोवरच. सेल बदलायला झाकण उघडलं की रिंग नवी घालायची आणि दाबाच्या मशीनमध्ये घड्याळ तपासायचं. नाहीतर तो आकडा नुसता शोभेचा. काउंटरवर उभी राहून मी हे रोज घसा फोडून सांगते. सगळ्यांना पटतं, फक्त माझ्या नवऱ्याला पटत नाही, आणि दुरुस्ती तोच करतो.

मशीन कधीचं बिघडलं होतं. ते नीट करून आणा म्हणून मी त्याचं डोकं खाल्लं, पण त्याची स्वतःची पद्धत होती. पेलाभर पाण्यात घड्याळ टाकायचं, बुडबुडा आला नाही की पास.

"अहो, पेला वीतभर खोल आहे," मी म्हणायची.

"बाबा असंच करायचे," तो म्हणायचा. माझे सासरे भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायचे.

त्या सकाळी पाणबुड्या आला. धरणाच्या जाळ्यांत अडकलेला कचरा काढणाऱ्या टोळीतला, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याने काउंटरवर एक घड्याळ आपटलं. काचेच्या आत पाणी, काटे थांबलेले.

"वहिनी, हे माझ्या मेहुण्याचं. इथूनच सेल घालून नेलं होतं. खाली काटे बंद पडले. अजून वेळ आहे असं समजून तो काम करत राहिला आणि हवा संपली. काल पोचवून आलो त्याला."

तेवढ्यात टेबलामागून नवरा म्हणाला, "मी टेस्ट केली होती. पास होतं."

"कशी केलीस?" पाणबुड्याने विचारलं.

"पेल्यात," नवरा म्हणाला, आणि तेही ताठ मानेने.

पाणबुड्या काउंटर ओलांडून आत आला. त्याने नवऱ्याची मानगूट धरली, फरफटत मोरीपाशी नेलं आणि भरलेल्या बादलीत त्याचं डोकं खुपसलं. नवऱ्याचे पाय फरशीवर आपटत होते. मी पाणबुड्याच्या दंडाला दात लावले. त्याने कोपराने मला उडवलं. मी कपाटावर आदळले, ओठ फाटला.

नवऱ्याचं डोकं वर काढून पाणबुड्या ओरडला, "रिंग बदललीस का? खरं बोल!"

"पास... होतं..." नवऱ्याला श्वास मिळत नव्हता, पण हट्ट सुटत नव्हता.

डोकं पुन्हा बादलीत गेलं. आता पाय आपटायचे थांबायला लागले.

"नाही बदलली!" मी किंचाळले. "रिंग जुनीच होती, मशीन बंद आहे! सोडा त्यांना!"

पाणबुड्याने हात सोडला. नवरा फरशीवर पडून खोकत, ओकत राहिला. पाणबुड्या त्याच्याकडे बघत उभा होता, मग भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागला. "बहिणीला काय सांगू, वहिनी?" तो घड्याळ न घेताच गेला.

मी नवऱ्याला उठवून बसवलं, पदराने तोंड पुसलं. जिवावरचं निभावलं, आता तरी हा माणूस शहाणा होईल असं मला खरंच वाटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. टोळीतलाच दुसरा पाणबुड्या. त्याचंही घड्याळ आमच्याकडे सेल घालायला आलेलं, ते नेऊन दुपारी तो पाण्यात उतरणार होता. नवऱ्याने टेबलाचा आधार घेतला, घसा खाकरला.

"तयार आहे. टेस्ट केलीय. दोनशे मीटर, बिनधास्त जा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर त्याचा उजवा हात पसरलेला होता. मी शेजारची हातोडी उचलली आणि त्याच्या बोटांवर घातली. मग आणखी एकदा, नीट नेम धरून. हाडं मोडल्याचं ऐकू आलं. तो गुरासारखा ओरडत खाली बसला.

पलीकडून "हॅलो, काय झालं?" चाललं होतं. मी फोन कानाला लावला.

"घड्याळ तपासलेलं नाही, भाऊ," मी म्हणाले. "पाण्यात उतरू नका."