दुसरं टोक

इन्स्पेक्टरसाहेबांनी चंद्रभान मास्तरांच्या कोटावर चांदीचा तमगा लावला, तेव्हा परभणीच्या हायस्कुलात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पदार्थविज्ञान सरकारच्या भाषेत, उर्दूतून शिकवावं तर ते याच माणसानं, असं साहेब भर सभेत म्हणाले. हार, अत्तर, पानसुपारी, सगळं यथासांग झालं. मग मास्तर घरी आले, कुलूप काढलं आणि तमगा दाखवायला घरात कुणी नाही, हे त्यांना नव्यानं कळलं. बायको, कस्तुराबाई, जाऊन सहा वर्षं झाली होती. भिंतींना किती दाखवणार!

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुडाव्याची गाडी धरली. गावी आई होती, बायनाबाई. या खेपेला तिला परभणीला आणायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता. मुद्दाही बिनतोड होता. आडाचं पाणी ओढताना म्हातारी कंबर धरून बसायची आणि परभणीत पाणक्या दारात पाणी आणून ओतायचा.

आईनं तमगा पदरानं पुसला, उलटसुलट करून पाहिला. "लय चांगलं झालं. पन तू शिकवायलास काय, ते तर कळू दे मला."

इथं मास्तर घसरले. कुणी शिकवा म्हटलं की या माणसाला राहवतच नसे. शेजारच्या सटवाजीकडून त्यांनी एक जुनी कप्पी मागून आणली आणि पोहऱ्याला बांधली. दोराचं एक टोक आडावरच्या तुळईला आवळलं, दोर खालच्या कप्पीतून, मग तुळईला आधीपासून टांगलेल्या वरच्या कप्पीवरून घेतला आणि आईच्या हातात दिला.

"वढ."

बायनाबाईनं सवयीनं सगळं बळ लावलं आणि ती झोक जाऊन मागं सरली. "आगं बया! रिकामाच आला का काय?"

पोहरा काठोकाठ भरलेला होता.

"दोर दुप्पट वढावा लागतो, पन वजन निम्मंच," मास्तर म्हणाले.

"मंग ऱ्हायलेलं निम्मं कोन उचलायलंय?"

मास्तर खुलले. हा प्रश्न वर्गात कुणीच विचारत नसे. "ती तुळई. दोराचं दुसरं टोक तिनं धरलंय न्हवं!"

बायनाबाईनं हसत हसत अख्खा रांजण भरला. "लय बेस केलंस. आता मरस्तोर हितंच ऱ्हाते बघ. परभनीला कशाला येऊ?"

मास्तरांनी आपला बिनतोड मुद्दा आपल्याच हातानं आडात सोडला होता. तमगा काही उगाच मिळाला नव्हता, शिकवलेलं लगेच डोक्यात उतरत होतं. त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ परभणीचं कुलूपबंद घर आठवलं.

रांजणावर झाकण ठेवून आई जवळ येऊन बसली. त्यांच्या कोटाची निघालेली गुंडी तिनं बोटांनी चाचपली.

"आन तुज्या घरी रं, बाबा? तितं दुसरं टोक कोन धरतंय?"

त्यासाठीच तर आलो होतो, हे शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत आले. पण एवढ्या आनंदानं भरलेल्या रांजणासमोर ते त्यांना बोलवेनात.

"गाडीची येळ झाली," म्हणत ते उठले. गाडीला अजून बराच अवकाश होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.