झग्यावरचं जाळं

मित्रांनो, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर हिरव्या-निळ्या जाळ्यांच्या ढिगात एक पांढरा तुकडा दिसतोय ना, तो मी. जवळ या, पण नाकाला रुमाल लावू नका, मला राग येतो. आज मी मासळीच्या वासात पडलोय खरा, पण एके काळी मी नाचाच्या झग्यावर मिरवलो आहे. हसा हवं तर. धक्क्यावरची मांजरंही तेव्हा माझ्याकडे बघून मिशा पुसत होती.

माझा धागा कारखान्यातला, पण मला जाळं केलं ते भावेशनं. तो खंडू तांडेलांच्या होडीवर खलाशी. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि खंडूंची तर होडीही स्वतःची. त्यांच्याच अंगणात बसून भावेशनं मला दोराला बांधलं, वर तरंगणारे बोये लावले, खाली शिसं ओवलं. तो बोलायचा फार कमी. गाठ मारून झाली की ती अंगठ्यानं एकदा दाबायचा, जणू तिला सांगायचा की सुटू नकोस. तो अंगठा मी कधीच विसरलो नाही.

मग काय विचारता! सरंगे, सुरमई, बांगडे, मी रिकामा क्वचितच वर आलो. "ह्या जाळ्याचा पायगुण चांगला हाय," असं खंडू चारचौघांत सांगायचे. पाय नसलेल्याचा पायगुण! तरी मी फुगायचो. पण एकदा पाण्याखालच्या खडकात मी अडकलो आणि उभा फाटलो. माझा धड अर्धा भाग नव्या जाळ्याला जोडून समुद्रावर गेला. उरलेला मी माडाच्या बुंध्याशी, फुटक्या बोयांच्या सोबतीला. पहाटे होडीचं इंजिन सुरू झालं की माझा अर्धा जीव निघून जायचा आणि अर्धा इथंच ऐकत राहायचा.

तिथून मला उचललं शमिकानं. ही खंडूंची मुलगी. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि घरी आली की फोनमध्ये बुडायची. फोनमध्ये जुन्या काळातल्या इंग्लंडची मालिका. घोडागाड्या, मेणबत्त्यांची झुंबरं, आणि एक सरदार, जो आपल्या आवडत्या बाईच्या नुसत्या बोटांना हात लावायला तीन भाग थांबतो. शमिका सुस्कारा सोडायची आणि खिडकीतून अंगणात बघायची. अंगणात भावेश जाळी शिवत बसलेला असायचा. आता या बघण्याचा अर्थ मला कळत होता, मांजरांना कळत होता. भावेशला कळत होता की नाही, देव जाणे.

रत्नागिरीत अशी खुळी माणसं आणखीही निघाली. ब्यूटी पार्लरवाली दीपाली त्यांची म्होरकी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा थेट त्या मालिकेतल्यासारखा नाचाचा सोहळा करायचा असं त्यांनी ठरवलं. जागा दीपालीच्या वडिलांची, आरे-वारेच्या वाटेवरची आंबे भरायची शेड. आंबे संपले होते, पेंढ्याचा वास तेवढा उरला होता. अडचण एकच. सरदार कुठून आणायचे? निम्मे पुरुष मुंबईला आणि उरलेले असल्या भानगडीला भिणारे. शेवटी चार बायकांनीच काजळाच्या मिशा काढल्या.

शमिकाला झग्यावर झालर हवी होती. बाजारातली तिला आवडेना. तिनं मला साबणानं धुतलं, लिंबू चोळलं, पुन्हा धुतलं, आणि पांढऱ्या झग्यावर शिवून टाकलं. वास गेला नाही. पण आरशासमोर ती गोल फिरली तेव्हा मी पहिल्यांदाच पाण्याशिवाय तरंगलो.

माप घ्यायला आलेल्या दीपालीला ती हळूच म्हणाली, "सोमवारी मुंबईचं स्थळ येतंय बघायला. मी भावेशला रविवारी बोलावलंय. तो एक शब्द जरी बोलला ना, तर मी पाहुण्यांना नाही सांगेन. नाहीच बोलला तर मग कुणाची वाट बघायची गो?"

तिचा हात तेव्हा माझ्यावर होता. भावेशच्या एका गाठीवरून तिचं बोट फिरत होतं.

रविवारी भावेश आला. त्याचा मित्र नितेश लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, त्याचा लाल कोट भावेशनं मागून आणला होता. सोनेरी पट्ट्या, पितळी बटणं, एकदम सरदार! फक्त जो तो येऊन त्याला विचारत होता, "गाणी कधी सुरू करणार?"

शेडच्या दारात दीपालीनं पुठ्ठ्याची पाटी लावली होती. मोठ्यांनी ओळख करून दिल्याशिवाय पुरुषांनी स्त्रियांशी बोलू नये. शमिकानंच भावेशला बजावलं होतं, "तिथले नियम मोडायचे नाहीत हं." भावेश साधा माणूस. समुद्रावर तांडेलाचा शब्द मोडायचा नसतो, एवढंच तो शिकलेला. तो खांबाला टेकून उभा राहिला, कुणी ओळख करून देईल म्हणून वाट बघत. आणि ओळख कोण करून देणार? दोघांची घरं समोरासमोर, दोघं एका शाळेतली. लोकांना वाटलं, यांना कसली ओळख!

स्पीकरवर व्हायोलिन वाजू लागलं. बायका नाचू लागल्या, पण पाय मात्र आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाचेच पडत होते. शमिका एका काजळाच्या मिशीबरोबर नाचत होती आणि बघत खांबाकडे होती. माझ्या वासानं तिच्या मागून एक मांजर येत होतं, तिला त्याचंही भान नव्हतं.

खांबाजवळून जाताना मी भावेशच्या पितळी बटणात अडकलो. खरं सांगू? सुटायची मला मुळीच घाई नव्हती. तो वाकला. एकेक धागा सोडवू लागला आणि एका गाठीपाशी थांबला. ती त्याचीच होती. त्यानं ती अंगठ्यानं दाबली. इतकी वर्षं मी त्या अंगठ्यासाठी झुरलो होतो, माझ्या साऱ्या धाग्यांतून शहारा गेला.

"बोल ना रे काहीतरी," शमिका म्हणाली.

भावेशनं तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला खसकन ओढून बाहेर ओसरीवर गेली. मी फाटलो. पण मला दुःख झालं ते फाटल्याचं नव्हे.

तेवढ्यात तिला न्यायला खंडू टेम्पो घेऊन आले. त्यांना पाहताच भावेश शेडमधून त्यांच्याकडे धावत सुटला, एक चप्पल आतच राहिली.

"तांडेलकाका, माझी नि शमिकाची ओळख करून द्या!"

खंडू बघतच राहिले. "अरे मेल्या, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी! आता कसली ओळख?"

"नाय काका, नियम हाय. तुम्ही सांगितल्याबिगर मला हिच्याशी बोलता येत नाय. आणि मला आजच बोलायचं हाय."

खंडूंनी लेकीकडे पाहिलं. ती रडत होती की हसत होती, त्यांना कळेना. मग त्यांनी टोपी काढली, घसा साफ केला आणि म्हणाले, "शमिका, हा भावेश. माझ्या होडीवर असतो. माणूस चांगला हाय, पण जरा खुळा हाय. भावेश, ही माझी पोर. हीपण तसलीच."

भावेश कमरेत वाकला. "नाचशील माझ्यासंगती?"

मुंबईच्या पाहुण्यांना सोमवारी पोहे मिळाले आणि नकारही मिळाला.

लग्नानंतर मी झग्यासकट त्यांच्या खोलीत खुंटीवर होतो. सुखात होतो, पण पहाटेचं इंजिन काही कान सोडत नव्हतं. यंदा समुद्रात माझा दुसरा अर्धा भाग फाटला. तसला धागा आता बाजारात मिळेना. भावेश खुंटीकडे बघायचा आणि पुन्हा फाटलेलं जाळं चाळायचा. शमिकानं स्वतःच कात्री घेतली आणि झग्यावरून एकेक टाका उसवून मला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं मला माझ्या अर्ध्या जीवाशी जोडलं आणि प्रत्येक गाठ अंगठ्यानं दाबली.

मित्रांनो, फाटलं म्हणून काही टाकू नका. आणि मनातलं बोलायला कुणी ओळख करून देईल म्हणून खांबाला टेकून राहू नका. प्रत्येकाच्या झग्याला जाळं नसतं आणि प्रत्येक जाळं बटणात अडकत नाही.

मला होडीत चढवलं आणि इंजिनही सुरू झालं बघा. ज्या समुद्रासाठी झुरलो, त्याच्याकडे निघालोय, आणि माझं लक्ष मात्र धक्क्यावर आहे. शमिका दुकानाचा एप्रन घालून उभी आहे. हाफ पँटीतला भावेश होडीच्या काठावरून तिला सरदारासारखा वाकून नमस्कार करतोय, आणि तीही भर धक्क्यावर एप्रन दोन बोटांनी उचलून, गुडघे वाकवून त्याला उत्तर देतेय. कोळणी हसताहेत, हसू देत.

तुम्ही इथं थांबणार असाल तर तिला माझा एक निरोप द्या. झगा जुना झाला म्हणून टाकू नकोस म्हणावं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की मी परत येतो आहे.