बिनसाखरेचा कप

सावळीराम नानांच्या अंगाला काही लागत नाही, असं लताबाईंचं म्हणणं होतं. लताबाई शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहत, त्यामुळे ते लवकरच द्वारका चौकापर्यंत सगळ्यांचं म्हणणं झालं.

उन्हाळ्यात नानांच्या पत्नी चंद्रभागाबाई गेल्या. दशक्रियेला गोदेकाठी नानांना चक्कर आली, रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ. बायकोच्या आजारपणात स्वतःच्या जेवणाकडे बघायला त्यांना फुरसत कुठली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुण्याहून आलेली योगिनी, त्यांची एकुलती एक लेक, घरून काम करायची परवानगी काढून माहेरीच राहिली.

मग नानांवर लोखंडाचा मारा सुरू झाला. लताबाईंनी बीट आणलं, खजूर आणले, हळिवाचे लाडू आणले. योगिनीनं लोखंडी कढई आणली आणि तिच्यात पालकापासून पिठल्यापर्यंत सगळं काळं करून टाकलं. नाना निमूट खात. गोळी तर सकाळ-संध्याकाळ, न चुकता. तरी पाऊस ओसरेपर्यंत रक्त साडेआठवरच, घाटाखाली मागून ढकलणाऱ्या इंजिनाची वाट बघत उभ्या राहिलेल्या मालगाडीसारखं.

"एवढं लोखंड पोटात गेलंय की लोहचुंबक लावलं तर नाना चिकटतील," लताबाई म्हणाल्या.

"आधीच तुम्ही चिकटलाय, अजून जागा नाय," नाना म्हणाले.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "एवढं देऊनही रक्त चढत नाही, म्हणजे आत कुठं वाहून जातंय का ते बघायला हवं. पुढच्या आठवड्यात दुर्बीण घालू."

आईचं आजारपण याच शब्दापासून सुरू झालं होतं. योगिनीनं मान डोलावली, कागद पर्समध्ये ठेवले आणि रिक्षात बसल्यावर नानांचा हात धरला. तो लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, मनगटाच्या वर. नानांना सगळं कळलं. ते बाहेर बघत बसले.

दोन दिवसांनी संध्याकाळी लाइट गेली. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून योगिनी वेळेआधीच खोलीतून बाहेर आली. स्वयंपाकघरात नाना ओट्यापाशी उभे. समोर दोन कप. एकात दोन चमचे साखर पडली, दुसऱ्यात काहीच नाही. नानांनी गोळी जिभेवर ठेवली, बिनसाखरेचा कप उचलला आणि एरंडेल प्यावं तसा डोळे मिटून रिकामा केला. मग निवांत आपला गोड कप घेऊन स्टुलावर बसले.

"नाना, हे काय?"

"गोळी घेतली."

"चहाबरोबर?"

"मग काय जिलबीबरोबर घेऊ?"

"आणि दोन कप कशाला?"

नानांनी चहात फुंकर मारली. "हात बसलाय. आधण दोघांचंच पडतं. एकाचं करायला गेलो की नुसतं पाणी होतं." मग म्हणाले, "दुसरा तुझ्या आईचा. आता तो मोरीत कसा ओतायचा? पण पिववत नाय गं, लय कडू. म्हटलं, गोळीला घोट लागतोच, तर हाच. औषधाबरोबर औषध."

"रोज?"

"दोन्ही टायमाला."

चहा लोहाला आतड्यातच अडवून धरतो, अंगात शिरू देत नाही, हे योगिनीनं वाचलेलं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणींना तिनं ते ऐकवलंही होतं. फक्त वडील गोळी कशाबरोबर घेतात, हे तिनं विचारलं नव्हतं. हसू आधी नाकातून आलं. ते आवरायला ती ओट्याला टेकली, तर पोटातून दुसरं आलं.

"काय झालं?"

"नाना, तुम्ही गोळी रक्ताकडे पाठवताय, आणि आई ती वाटेतच काढून घेतेय."

नानांनी कप खाली ठेवला. "तिची सवयच हाय ती," ते म्हणाले. "माझ्या ताटातला पापड पण असाच जायचा."

मग दोघांना आवरेना. लताबाई लाडवांचा डबा घेऊन आल्या, तेव्हा बाप-लेक अंधारात डोळे पुसत हसत होते. घरात आक्रीत झालं असं वाटून त्यांनी आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग सगळं ऐकलं आणि खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे माझा हळीव पण?"

"लाडवाबरोबर चहा घेतला असेल, तर बराचसा गेला," योगिनी म्हणाली.

"आणि मी वर काजू लावत होते."

योगिनीनं दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या तपासण्या पुन्हा पाहिल्या. "बरं, महिनाभर थांबू. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा तिच्या आसपास फिरकता कामा नये. नाही वाढलं, तर मात्र दुर्बीण, मग मी ऐकणार नाही."

घरात लिंबंच लिंबं झाली. वरणावर लिंबू, पोह्यांवर लिंबू, योगिनीच्या पर्समध्ये लिंबू. "लोक दारात टांगतात, तू माझ्या पोटात टांगतेस," नाना म्हणाले. पण उभा जन्म त्यांनी इगतपुरीला रेल्वेच्या सिग्नलवर काढलेला. एका लाइनीवर दोन गाड्या सोडायच्या नाहीत, एवढं त्यांना पटलं, आणि एकदा पटल्यावर ते लताबाईंनाही ऐकेनात. "गोळी आत्ताच सुटलीय, चहाला लाल सिग्नल," म्हणत कप परत पाठवत. आईचा कप मात्र रोज भरे, ओट्यावर निवे. तो कोणी ओतायचा, यावर घरात कोणीच काही बोलत नसे.

महिना झाला. रिपोर्ट हातात घेऊन योगिनी तो दवाखान्याच्या पायरीवरच वाचू लागली. साडेआठचं दहा झालं होतं. तिनं आकडा तीनदा वाचला, मग नानांना वाचायला लावला, मग दारातल्या रिक्षावाल्यालाही सांगितला. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडी घाट चढायला लागली. आता दुर्बिणीची घाई नाही."

घरी आल्यावर नानांनी आधण ठेवलं. दोघांचंच. एका कपात साखर घातली, दुसरा तसाच उचलून योगिनीपुढे ठेवला. योगिनीला दोन चमच्यांखाली चहा चालत नसे. तिनं घोट घेतला आणि चेहऱ्याची गाठ झाली.

"कसाय?"

"भयंकर. आई हे रोज प्यायची?"

"मिटक्या मारत," नाना म्हणाले. "पी. तुझं रक्त बाराच्या वर हाय, तुला परवडतं."

योगिनीनं नाक दाबलं आणि कप रिकामा केला.