सहा प्रश्नांचा तक्ता

सन सत्तेचाळीसच्या कार्तिकात तहसील कचेरीतल्या दिनकरराव कारकुनांवर एक काम आलं. गावोगाव जाऊन प्रत्येक घरकर्त्याला सहा प्रश्न विचारायचे आणि छापील तक्त्यात हो किंवा नाही लिहायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी येलदरीजवळ पूर्णा ओलांडायला ते लिंबाजी भोयाच्या नावेत बसले. धुक्यात दोन्ही काठ विरघळून गेले होते.

वेळ जायला नको म्हणून त्यांनी नावेतच तक्ता उघडला. पहिला प्रश्न वाचला : हैदराबाद संस्थान भारतात न जाता वेगळंच राहावं का?

लिंबाजीनं वल्हं वर घेतलं. नाव आपसूक वाहू लागली.

वल्हं मांडीवर आडवं ठेवून तो बोलू लागला. त्याचा मुलगा राधाकिशन भारतात सामील होण्यासाठीच्या सत्याग्रहात गेला होता, आता सरहद्दीपल्याड लपून राहत होता. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी शेजारच्या गावातल्या गंजी पेटवल्या, तेव्हा लिंबाजीच्या सुनेला हुसेनभाई सुतारानं आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. ही नावही त्यानंच बांधलेली.

"हो की नाही, एवढंच सांगा, बाबा," दिनकरराव हळूच म्हणाले.

"हो म्हनलं तर माझं लेकरू तिकडंच ऱ्हाईल. न्हाई म्हनलं तर उद्या हुसेनभाईच्या दारात कोन काय करील, काय सांगावं? मला दोगंबी पायजेत. ते कुठं लिवायलाव तुमी?"

दिनकररावांनी तक्ता पाहिला. तेवढी जागा कुठंच नव्हती.

मग लिंबाजीनं त्यांनाच विचारलं, तुमचं काय? हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. लेकीची शाळा मराठीत व्हावी असं त्यांना फार वाटे. पण लहानपणी शाळेतल्या मौलवीसाहेबांनी मायेनं शिकवलेली उर्दू अंगात इतकी भिनली होती, की स्वप्नं अजून त्याच भाषेत पडत. कचेरीत जे बोलायची सोय नव्हती, ते सगळं ते त्या पांढऱ्या शांततेत बोलून गेले. नाव कुठं चालली आहे, याचं दोघांनाही भान नव्हतं. ती थांबली तेव्हा घाट कोसभर मागं राहिला होता.

दिनकररावांनी लिंबाजीचं बोलणं तक्त्याच्या पाठीमागं उतरवून घेतलं. कचेरीत त्यांच्या वरच्या पेशकारांनी ते वाचलंसुद्धा नाही. एक शब्द लिहा, म्हणाले. कोणताही एक लिहिला असता तर काम भागलं असतं. दिनकररावांनी टाक खाली ठेवला.

त्या गावच्या यादीत लिंबाजी भोई गैरहजर म्हणून मोजला गेला.